गुन्ह्याच्या कथेची नांदी

ग्रंथास मंगलाचरण, कीर्तनास नमन आणि नाटकास नांदी ही आपल्याकडील फार जुनी रीत होय. कथेत शिरण्यापूर्वी श्रोत्याचे मन घडीभर थांबवावे, बाहेरचा कोलाहल त्यातून काढून टाकावा आणि पुढे जे यावयाचे आहे त्यास योग्य असा भाव त्यात रुजवावा, हा त्या रीतीचा हेतू. सांप्रत रात्रीची जेवणे आटोपल्यावर घरोघर दिवाणखान्यात जी मालिका लागते, तिच्या आरंभीही अशीच एक नांदी असते. मिनिट-दीड मिनिट चित्रे हलतात, वाद्ये वाजतात, नटांची व कारागिरांची नावे येतात आणि जातात, व शेवटी मालिकेचे नाव झळकते. धंद्यातील मंडळी हिला 'टायटल' म्हणतात. पुष्कळ घरी तेवढ्या अवधीत कोणी पाणी पिऊन येतो, कोणी चष्मा शोधतो. तथापि ही वस्तू दिसते तितकी क्षुल्लक नाही; आणि मालिका खुनाची किंवा अपहरणाची असेल तर मुळीच नाही. ह्या महिन्यात आम्ही वाचकांपुढे हाच विषय ठेवीत आहोत.

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या पाचव्या अध्यायात पूर्वरंगाची १९ अंगे सांगितली आहेत. त्यांतील ९ पडद्याआड करावयाची व १० पडदा दूर झाल्यावर. इतका विस्तार करूनही त्याच अध्यायात मुनी बजावतात की, गीत, वाद्य व नृत्य ह्यांचा अतिरेक झाल्यास करणारेही शिणतात आणि पाहणारेही शिणतात, व शिणलेल्या मनास पुढील रसाची गोडी लागत नाही. हा इशारा किती दूरदृष्टीचा होता पाहा! नेटफ्लिक्स कंपनीने २०१७ साली नांदी ओलांडून थेट कथेत उडी घेण्याचे एक बटण प्रेक्षकांच्या हाती दिले. २०२२ साली तिने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणे ते बटण साधारण एका दिवसात १३ कोटी ६० लाख वेळा दाबले जात होते, आणि त्यायोगे प्रेक्षकांचा वाचणारा एकंदर वेळ १९५ वर्षांइतका भरत होता. भागाकार करून पाहिल्यास दर खेपेस सुमारे पाऊण मिनिट येते. चित्रकाराने महिनोन्महिने खपून जे निर्माण केले त्यास पाऊण मिनिट देण्याचीही लोकांची तयारी नाही! ह्यात घाईचा दोष आहेच. परंतु ज्या नांदीत सांगण्यासारखे काही नसते ती कोणी का पाहावी, हाही प्रश्न उरतो.

ही नांदी तयार कशी होते, हे अनेकांस ठाऊक नसते म्हणून थोडक्यात सांगतो. पडद्यावर एका सेकंदास साधारणतः २४ चित्रे सरकतात. तेव्हा ६० सेकंदांस १,४४० चित्रे झाली. प्रथम कथा वाचून तिचे सार एका वाक्यात काढावयाचे. मग कागदावर चौकटी पाडून क्रमवार चित्रे रेखाटावयाची. त्यास स्टोरीबोर्ड म्हणतात. त्यांतील दोन-तीन चौकटी पूर्ण रंगवून रंग, पोत व अक्षरांचे वळण ठरवितात. पुढे त्या कच्च्या चौकटी तात्पुरत्या संगीतावर बसवून कोणते चित्र किती क्षण टिकेल ह्याचे माप घेतात, आणि हे सर्व पसंत पडल्यावरच चित्रे हलविण्याचे खरे काम सुरू होते. अक्षरांची बाबही नाजूक आहे. आपल्या देवनागरीत मात्रा व वेलांटी शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली उतरतात. इंग्रजी अक्षरांसाठी आखलेल्या पट्टीत मराठी नाव कोंबले की त्यांची डोकी-पाय छाटले जातात. संगणकावरील 'मंगल' हे अक्षरवळण रचणारे कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी ह्यांच्यासारख्यांनी ह्या लिपीसाठी जन्म वेचला, तो तिची अशी छाटाछाट होऊ नये म्हणूनच.

ही विद्या परकी आहे असेही कोणी समजू नये. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ ठराविक अंतराने एकेक चित्र घेऊन टिपली होती, आणि पुढे आगकाड्या हलवून त्यांचीही गंमत पडद्यावर दाखविली. प्रभात कंपनीच्या चित्रपटांआरंभीची तुतारी फुंकणारी स्त्री तर आमच्या वडिलांच्या पिढीच्या डोळ्यांपुढून कधी हलली नाही. एका आकृतीने कंपनीचा सारा लौकिक लोकांच्या मनावर कोरला. नांदीचे सामर्थ्य ते हेच.

आता मुद्द्याकडे वळू. आमच्या नेरुळच्या घरी पुतण्याची कन्या ही कला शिकत आहे. मध्यंतरी तिला अभ्यास म्हणून एक काम मिळाले. नवी मुंबईत घडलेला एक खून कल्पावयाचा. त्यावर खऱ्या गुन्ह्यांच्या शोधमालिकांच्या, म्हणजे ज्यांस 'ट्रू क्राइम' म्हणतात त्यांच्या, धर्तीची आठ भागांची मालिका आहे असे धरावयाचे, आणि तिची ६० सेकंदांची टायटल रचावयाची. मुलीने चौकटी रेखाटून भिंतीवर लावल्या. पाण्यात विरघळणारा तांबडा रंग, फाटक्या वर्तमानपत्रातील मथळे, बोटांचे ठसे, संशयितांच्या छायाचित्रांस जोडणारा लाल दोरा, सुऱ्याचे पाते, आणि शेवटी अंधारातून उघडणारा मारेकऱ्याचा डोळा. हात चांगला होता, ह्यात शंका नाही. घरातील सर्वांनी वाखाणणी केली. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र सगळ्या चौकटी दोनदा पाहून विचारले, "अगं, ह्यात मेलेलं माणूस कुठं आहे?" मुलगी म्हणाली, "आजी, ते तर पहिल्याच भागात मरतं. त्याचं चित्र कशाला?"

ह्या प्रश्नोत्तरात सर्व विषय सामावला आहे असे आम्हांस वाटते. नांदी प्रत्येक भागाच्या आरंभी पुन्हा पुन्हा येते. आठ भागांत ती आठ वेळा मनावर उमटते. जे आठ वेळा दिसले ते स्मरणात राहिले, आणि जे एकदा दिसून लोपले ते विस्मृतीत गेले. तेव्हा प्रेक्षकाचे चित्त मारणाऱ्यापाशी बसवावे की मेलेल्यापाशी, ह्याचा निवाडा कथा सुरू होण्यापूर्वीच नांदी करून टाकते.

गुन्ह्याच्या कारागिरीवर भुलण्याचा मोह नवा नाही. शूद्रकाच्या मृच्छकटिकातील तिसरा अंक वाचकांस आठवत असेल. शर्विलक चारुदत्ताच्या भिंतीस भोक पाडावयास बसतो तेव्हा प्रथम विचार कशाचा करतो? आकाराचा! उमललेले कमळ, सूर्य, चंद्राची कोर, स्वस्तिक, पूर्णकुंभ असे आकार तो मनात फिरवून पाहतो, भाजक्या विटांच्या भिंतीस पूर्णकुंभ शोभेल असे ठरवितो, आणि उद्या सकाळी नगरजन आपले काम पाहून थक्क होतील ह्या कल्पनेने सुखावतो. माप घेण्यास दोरी नाही म्हणून गळ्यातील जानवे उपयोगात आणतो! शूद्रकाने हा विनोद हेतुपुरस्सर योजला आहे. चोर आपल्या नक्षीवर लुब्ध आहे, आणि भिंतीच्या आत दरिद्री चारुदत्ताच्या घरी दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेला अलंकार आहे, हे प्रेक्षकास दोन्हीकडून दिसावे अशी त्याची योजना. त्याच नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधार कोणती भीती घालतो? कोणतीच नाही. तो भुकेला घरी येतो व खावयास काही मिळेल का ते पाहतो. गळा आवळण्याचा प्रसंग, खोटा आरोप, न्यायसभा व वधस्थान हे सारे ज्या नाटकात यावयाचे आहे, त्याची नांदी एका गरीब घराच्या चुलीपाशी होते. गुन्ह्याने ज्याचा भंग व्हावयाचा ते साधे जीवन आधी दाखवावे, हे त्या कवीस उमगले होते.

हा केवळ काव्यशास्त्राचा विनोद नव्हे, हे पुण्याच्या एका दारुण प्रकरणावरून दिसेल. १९७६ च्या जानेवारीपासून १९७७ च्या मार्चपर्यंत तेथे एकामागून एक दहा जणांच्या हत्या झाल्या. मारणारे कलाशिक्षण घेणारे तरुण होते. चौघांस २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यास फाशी झाली, आणि १९८६ साली ह्या प्रकरणावरचा 'माफीचा साक्षीदार' हा चित्रपट आला. १ डिसेंबर १९७६ च्या रात्री ज्यांचा अंत झाला त्यांत काशिनाथशास्त्री अभ्यंकर हे ८८ वर्षांचे वैयाकरण होते. आज चाळिशीतील सुशिक्षित गृहस्थास विचारून पाहा: त्यास मारेकऱ्यांची आडनावे सांगता येतील, फाशीचे साल सांगता येईल, परंतु शास्त्रीबुवांनी काय केले, हे बहुधा सांगता येणार नाही. संस्कृत व्याकरणातील संज्ञांचा त्यांचा इंग्रजी कोश १९६१ साली निघाला, परिभाषांवरील ग्रंथांचा संग्रह त्यांनी संपादिला, आणि आजही पाणिनीचा अभ्यास करणाऱ्यास तो कोश हाताशी ठेवावा लागतो. एवढ्या दीर्घ विद्याव्यासंगावर एका रात्रीची काजळी बसली, आणि आपण त्या काजळीकडेच पाहत राहिलो. मारेकऱ्यांनी प्राण घेतला; नाव मात्र आपल्या कुतूहलाने झाकून टाकले.

खऱ्या घटनांवर मालिका निघणे आता थांबणार नाही, व थांबावे असेही आमचे म्हणणे नाही. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ ह्या काळात घडलेल्या हत्यांच्या तपासावर, त्या कामी नेमलेले अधिकारी रमाकांत कुलकर्णी ह्यांच्या लेखनाच्या आधाराने, २०२४ साली 'मानवत मर्डर्स' ही मराठी मालिका आली. अंधश्रद्धेचे फळ काय होते, तपास किती चिकाटीने करावा लागतो, हे अशा कथांतून लोकांस कळते. तो लाभ लहान नाही. प्रश्न आहे तो दाराशी काय मांडावे, एवढाच.

आपल्या नाट्यपरंपरेने रंगभूमीवर वध दाखविण्यास मनाई केली होती. भासाच्या ऊरुभंगासारखे अपवाद सोडल्यास मृत्यू पडद्यामागे घडतो व त्याची वार्ता पुढे येते. आनंदवर्धनांनी तर सांगून ठेवले की, काव्याचा आत्मा ध्वनी होय. उघड सांगितलेल्या अर्थाहून सुचविलेला अर्थ अधिक खोल जातो. हाच नियम सातासमुद्रांपलीकडील एका कुशल कारागिराने पाळलेला दिसतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९५२ साली झालेल्या एका खुनाच्या खटल्यात आरोपीचे वकील असलेल्या जॉन व्होल्कर ह्यांनी त्याच प्रकरणावरून टोपणनावाने कादंबरी लिहिली, आणि तिच्यावर १९५९ साली 'ॲनॅटॉमी ऑफ अ मर्डर' हा चित्रपट निघाला. त्याची नांदी सॉल बास ह्यांनी रचली. तीत रक्ताचा थेंब नाही. कागदातून कापल्यासारखी मनुष्याची काळी आकृती, आणि तिचे सुटे झालेले हात, पाय, मस्तक: बस्, इतकेच. ते तुकडे येतात-जातात, त्यांवर नावे उमटतात, पाठीमागे ड्यूक एलिंग्टनचे संगीत. न्यायालयात एका माणसाचे तुकड्या-तुकड्यांनी परीक्षण व्हावयाचे आहे, ही गोष्ट प्रेक्षकास शब्दावाचून कळते. साध्या कात्रणात जे बळ आले, ते सुऱ्याच्या शंभर चित्रांत येते ना.

आमच्या मुंबईतही ह्या दिशेने एक लक्षणीय प्रयत्न झाला. विक्रम चंद्र ह्यांच्या २००६ सालच्या कादंबरीवरून 'सेक्रेड गेम्स' ही मालिका जुलै २०१८ मध्ये आली. तिची भाषा व दृश्ये मुलाबाळांसमोर लावण्याजोगी नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. येथे फक्त तिच्या नांदीविषयी बोलावयाचे आहे. कथा कल्पित, पण मुंबईच्या खऱ्या इतिहासात गुंफलेली. पहिल्या पर्वातील आठ भागांस अश्वत्थामा, हलाहल, आतापी-वातापी, ब्रह्महत्या, सरमा, प्रेतकल्प, रुद्र व ययाति अशी नावे दिली, आणि प्रत्येकासाठी अनिरुद्ध मेहता ह्यांनी मंडलाच्या धर्तीवर निराळी मुद्रा रेखाटली. नांदीची हलती चित्रे प्लेक्सस ह्या मुंबईच्या कलागृहाने केली. भोजनोत्तर पोटावरून हात फिरवीत अगस्तीचे नाव घेणाऱ्या वृद्धांस आतापी-वातापीची कथा, म्हणजे पाहुणचाराच्या मिषाने केलेल्या घाताची कथा, निराळी सांगावयास नको. अश्वत्थाम्याचे तर विचारूच नका. निजलेल्या मुलांचा रात्रीत संहार हा महाभारतातील सर्वांत अघोर गुन्हा. पण व्यासांनी आपल्या स्मरणात काय ठेवले? मस्तकावरून काढून घेतलेला मणी, आणि कधी न भरणारी जखम. गुन्हेगाराचा पराक्रम नव्हे, त्याची रिकामी झालेली जागा! एका चिन्हात अपराध, शिक्षा व अनुकंपा अशी तिन्ही उतरली. चिन्ह निवडावे तर असे.

आणखी एका गोष्टीची सावधगिरी हवी. कल्पित कथेस सत्याचा वेष चढविण्याची चाल आता फार बोकाळली आहे. १९९६ च्या 'फार्गो' ह्या अमेरिकन चित्रपटाच्या आरंभी ही खरी गोष्ट असून १९८७ साली मिनेसोटात घडली, असे गंभीरपणे लिहिले होते. कथा मात्र रचलेली होती. मोठ्यांनी ती थट्टा म्हणून सोडून द्यावी हे ठीक. परंतु नवी मुंबईसारख्या शहराचे नाव, पोलिसी शिक्क्यांसारखे शिक्के आणि वर्तमानपत्राच्या नकली मथळ्यांची कात्रणे दाखवून कल्पित खून खरा म्हणून मांडला, तर त्यातील दोन चौकटी सुट्या होऊन सायंकाळपर्यंत घरोघरच्या मोबाइलवर फिरतील, आणि एखाद्या निरपराध सोसायटीच्या फाटकाशी लोक जमतील. ज्याने सत्याची मुद्रा उसनी घेतली, त्याने ती परत करण्याचीही व्यवस्था ठेवावी. कथा कल्पित आहे हे नांदीतच स्वच्छ अक्षरांत, वाचून होईल इतका वेळ, सांगावे.

मुलीने पुढे काय केले ते सांगितलेच पाहिजे. तिने सुरा, दोरा व डोळा काढून टाकला आणि आपले गाव नीट पाहिले. सिडकोची स्थापना १९७० साली झाली. खाडी, शेते व मिठागरे ह्यांच्या जागी आखीव शहर उभे राहिले. १९९२ साली आगगाडी मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीस आली. येथे पत्ता विचारला तर आळीचे नाव कोणी सांगत नाही, सेक्टरचा आकडा सांगतो. आकड्यांच्या शहरात माणूस नाहीसा झाला तर किती दिवसांनी कळेल? ह्या एका प्रश्नावर तिने सारी नांदी उभारली. नेरुळच्या जुन्या इमारतीतील एक बंद दार. बाहेर चपलांचा जोड. कडीस लावलेल्या पिशवीत दूधवाल्याने टाकलेली दुधाची थैली. दूर खाडीस भरती येते, ओहोटी होते. पुलावरून गाडी जाते. रोहित पक्ष्यांचा थवा उठतो व बसतो. पहाट होते, तशी कडीस दुसरी थैली लटकते. पुन्हा भरती, पुन्हा ओहोटी. तिसरी थैली. शेजारची दारे उघडतात व मिटतात; त्या दारापाशी कोणी थांबत नाही. मालिकेच्या प्रत्येक भागाच्या नांदीत दाराची पाटी थोडी अधिक उजळते, आणि आठव्या भागात तिच्यावरील नाव पुरते वाचता येते. ते मारेकऱ्याचे नाव नव्हे, हे सांगावयास नकोच. साठ सेकंदांचे काम चाळीसातच संपले, ह्याचाही आम्हांस संतोष वाटला. आणि दर खेपेस काही बदलत असल्यामुळे ते ओलांडून जावे असे पाहणाऱ्यास वाटत नाही.

ह्यावरून एकत्र कुटुंबांतील वडीलधाऱ्यांस दोन शब्द. घरातील मुलगा किंवा मुलगी अशा धंद्यात पडली, तर खुनाची चित्रे काढते म्हणून नाके मुरडू नयेत. धंदा प्रतिष्ठेचा आहे की नाही, हे त्यातील माणसे कोणता विवेक बाळगतात त्यावर ठरते. आणि तो विवेक घरातील एखाद्या साध्या प्रश्नाने जागा होतो. जी मालिका पाहावयाचीच, तिची नांदी एकदा तरी सर्वांनी मिळून पुरी पाहावी, आणि ती संपल्यावर मुलांस विचारावे: हिने आपल्याला कोणाच्या शेजारी नेऊन बसविले? उत्तर 'मारणाऱ्याच्या' असे आले, तर पुढील भाग पाहताना तेवढे भान राखावे. 'मेलेल्याच्या' असे आले, तर ती करणाऱ्याचे नाव श्रेयनामावलीतून शोधून वाचावे. फार घाईत ते निघून जाते खरे, पण चित्र थांबविण्याचेही बटण असतेच.